पाद्र्याचं सहाशे वर्षांचं घर आणि आमच्या चाळीचे खांब: दादरच्या एका वर्गाबद्दल

दादर पश्चिमेला एका शाळेच्या वरच्या मजल्यावर शनिवार-रविवार भरणारा जुन्या लाकडी बांधकामाचा वर्ग मी नुकताच केला. फी १,२०० रुपये, त्यात चहा आणि छापील नकाशांचा संच. मी आर्किटेक्ट नाही. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या कमिटीची सेक्रेटरी आहे. दुरुस्तीच्या बैठकीत कंत्राटदार काय बोलतो ते नीट कळावं, एवढ्यासाठी गेले होते. कळायला लागलंय, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सगळा वर्ग एकाच घराभोवती बांधलेला आहे. इंग्लंडमध्ये ससेक्सला ॲल्फ्रिस्टन नावाच्या गावात चौदाव्या शतकातलं क्लर्जी हाऊस आहे, म्हणजे तिथल्या चर्चच्या पाद्र्याचं राहतं घर. मुंबईत शिकवायला इतक्या लांबचं घर कशाला, असं एकाने सुरुवातीलाच विचारलं. शिकवणाऱ्या बाईंनी उत्तर न देता अशा घरांच्या भिंतीचा फोटो लावला. ओकच्या लाकडाची चौकट, मधल्या रिकाम्या जागेत फांद्यांची वीण, वरून माती, शेण आणि गवताचा लेप. ‘अहो, हा तर कूड!’ मागच्या बाकावरून आवाज आला. कोकणातली मंडळी लगेच सरसावून बसली. आपल्याकडे कारवी, तिकडे बहुधा हेझलच्या फांद्या; बाकी रीत तीच.

मग पुठ्ठ्याचं मॉडेल उघडलं. माझ्या मते वर्गातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. मधलं दालन जमिनीपासून थेट वाशांपर्यंत मोकळं, ना माळा ना धुराडं. दालनाच्या मध्यावर जमिनीवरच जाळ पेटायचा आणि धूर छपरातून वाट काढायचा. त्यामुळे अशा घरांचे वासे काजळीने काळे पडलेले असतात. पुढच्या पिढ्यांनी मध्ये कितीही माळे घातले तरी वर चढून वासे काळे दिसले, की पूर्वी इथे मोकळं दालन होतं हे ओळखता येतं. दालनाच्या दोन्ही टोकांना दुमजली खोल्या, त्यांचा वरचा मजला भिंतीच्या पुढे झुकलेला आणि सगळ्यावर मिळून एकच छप्पर. त्यामुळे समोरून मधला भाग आत गेल्यासारखा दिसतो. या धाटणीला तिकडे वील्डन घर म्हणतात. ॲल्फ्रिस्टनच्या दालनाची जमीन खडूचे दगड ठोकून केलेली आणि आंबट दुधाने घट्ट केलेली आहे, हे ऐकून आमच्या बाकावरच्या आजी केवढ्या खूश झाल्या!

लाकडाचे सांधे हातात घेऊन बघता येतात. लालबागचे एक निवृत्त सुतारकाका वर्गाला होते. त्यांनी नमुना उलटापालटा केला आणि म्हणाले, ‘बाई, भोकं मुद्दाम सरळ रेषेत नाहीत. खुंटी ठोकली की सांधा आत ओढला जाणार.’ अगदी बरोबर. त्या काळचे सुतार ओक ओला असतानाच कापायचे, चौकट आधी अंगणात आडवी जुळवायचे, सांध्यांवर रोमन आकड्यांच्या खुणा कोरायचे आणि मग ती जागेवर उभी करायचे. बाईंनी पुढचा अर्धा तास काकांनाच बोलू दिलं. असं मोठं मन फार थोड्या शिक्षकांकडे असतं.

पाद्र्यांची घरं बदलत का गेली, हे त्यांनी थोडक्यात पण चांगलं सांगितलं. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या पाद्र्यांना लग्नाची मुभा मिळाली, घरात मुलंबाळं आली, खोल्या वाढल्या. मोकळ्या दालनांत माळे आणि धुराडी आली. १७७६ च्या कायद्याने घराच्या दुरुस्तीसाठी आणि नव्या बांधकामासाठी कर्ज काढता येऊ लागलं. मग कित्येक जुनी घरं पाडली गेली, कित्येकांच्या लाकडी चौकटीपुढे विटांचा नवा दर्शनी भाग उभा राहिला. ॲल्फ्रिस्टनचं घर मात्र मजुरांना राहायला दिलेलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते इतकं मोडकळीला आलं की पाडायची परवानगीही निघाली होती. तिथले पाद्री बेनन धडपडले आणि १८९६ मध्ये नॅशनल ट्रस्टने, म्हणजे तिकडच्या वारसास्थळं जपणाऱ्या संस्थेने, ते १० पौंडांना विकत घेतलं. ट्रस्टची ती पहिली इमारत. दुरुस्तीला अर्थातच त्याच्या कितीतरी पट पैसे लागले.

दुरुस्तीचा धडा मी वहीत शब्दन् शब्द उतरवला. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी जी संस्था काढली, तिचा आग्रह असा: कुजलं तेवढंच काढा, धड आहे त्याला हात लावू नका. आमच्या कंत्राटदाराने गॅलरीचे सगळे सागवानी खांब काढून लोखंडी गर्डर आणि वर सिमेंटचा गिलावा सुचवला होता. मी ते सांगितल्यावर बाईंनी विचारलं, ‘खांबाचा पाय तपासलात?’ खांब बहुधा पायाशी कुजतो. तेवढाच भाग कापून नवं लाकूड जोडता येतं. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, सिमेंटचा ती लाकडाशी कोंडून ठेवतो. घरी येऊन मी प्रत्येक खांब पेचकसाने टोचून पाहिला. मऊ लागले ते फक्त मोरीजवळचे, तेही खालीच. आता आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी, मग कोटेशन, असा ठराव मांडते आहे.

उणिवाही आहेत. वाळवी, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांवर जेमतेम दहा मिनिटं मिळाली. मुंबईत लाकडाचे खरे शत्रू तेच. इमारत दुरुस्ती मंडळाच्या १९६९ च्या कायद्याचा नुसता उल्लेख झाला. आमच्यासारख्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींतल्या भाडेकरूंना तिथेच जास्त मदत हवी असते. छापील संच पूर्ण इंग्रजीत आहे. तुळई, आढं, वासा, पाखं हे शब्द वर्गात सगळ्यांच्या तोंडी होते, मग कागदावर का नाहीत? आणि गिरगाव एवढं जवळ असताना तिथल्या जुन्या लाकडी घरांच्या खोताच्या वाडीत एक चक्कर ठेवायलाच हवी होती.

तरीही चाळीच्या कमिटीवर असलेल्या प्रत्येकाने हा वर्ग करावा, आणि एकट्याने न जाता दोघांनी जावं, म्हणजे बैठकीत आपल्या बाजूने बोलणारं कुणी असतं. लिफ्ट नाही, जिने उंच आहेत. गुडघे दुखत असतील तर आधी विचारून घ्या. आपल्या इमारतीच्या खांबांच्या पायाचे, तुळईच्या टोकांचे आणि मोरीजवळच्या भिंतीचे फोटो सोबत न्या. दुसऱ्या दिवशी चहानंतर बाई ते एकेक करून बघतात.