नाफारेलिनचा नाकातील स्प्रे: एंडोमेट्रिओसिससाठी आणि पुढे आयव्हीएफसाठी वापरल्यानंतर

नाफारेलिन हे नाकात फवारायचे संप्रेरक-औषध मी दोन निराळ्या कारणांसाठी वापरले आहे: आधी एंडोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराच्या) दुखण्यासाठी आणि पुढे काही काळाने आयव्हीएफच्या, म्हणजे स्त्रीबीजाचे शरीराबाहेर फलन करण्याच्या, उपचारात. दोन्ही वेळा मी इंग्लंडमध्ये राहत होते आणि दोन्ही वेळा ते ‘सिनारेल’ या नावाने मिळाले. माझे मत आधीच सांगते. औषध परिणामकारक आहे आणि त्याचे दुष्परिणाम बहुतेकींना काही महिने सोसता येतील असे आहेत, पण ते नेमके कशासाठी दिले जात आहे आणि कोणत्या महिन्यात थांबवायचे आहे, या दोन गोष्टी डॉक्टरांशी बोलून स्पष्ट झाल्याशिवाय पहिली फवारणी करू नये. माझ्या ओळखीच्या ज्या बायकांना या औषधाचा मनस्ताप झाला, त्यांच्यापैकी बहुतेकींच्या बाबतीत या दोहोंपैकी एक गोष्ट अस्पष्टच राहिली होती.

औषधाचे काम समजून घेतले तर पुढचे बरेच काही आपोआप उलगडते. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग जीएनआरएच नावाचे संप्रेरक थोड्या थोड्या वेळाने, ठरावीक लयीत सोडत असतो. त्या इशाऱ्यावर पिट्युटरी ग्रंथी चालते आणि पिट्युटरीच्या इशाऱ्यावर अंडाशय. अवघ्या दहा अमिनो आम्लांच्या या संप्रेरकाची रचना १९७१ मध्ये उलगडली आणि त्या कामासाठी रॉजर गिलमाँ आणि अँड्र्यू शॅली यांना १९७७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. नाफारेलिन म्हणजे त्याच साखळीतील एक अमिनो आम्ल बदलून तयार केलेला, कितीतरी अधिक प्रभावी रेणू आहे. तो शरीरात सतत राहिला की पिट्युटरी सुरुवातीला चेतवली जाते आणि नंतर इशाऱ्यांना दाद देईनाशी होते. साधारण चार आठवड्यांत इस्ट्रोजेनची पातळी पाळी गेलेल्या स्त्रीइतकी खाली येते, पाळी थांबते आणि इस्ट्रोजेनवर पोसल्या जाणाऱ्या एंडोमेट्रिओसिसच्या गाठी व चट्टे निष्क्रिय होऊ लागतात. अमेरिकेत या स्प्रेला एंडोमेट्रिओसिससाठी १९९० मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे तीन दशकांहून अधिक काळाचा अनुभव त्याच्या पाठीशी आहे.

हे औषध गोळीच्या रूपात देता येत नाही, कारण ते पोटात पचून जाते. नाकाच्या आतल्या अस्तरातून ते रक्तात जाते खरे, पण तेही फवारलेल्या मात्रेच्या सरासरी तीन टक्क्यांच्या आसपासच. हा आकडा मी मुद्दाम सांगते आहे. एवढा छोटा हिस्साच उपयोगी पडणार असेल, तर फवारणी नीट झाली की नाही याला फार महत्त्व येते, आणि नेमकी तीच गोष्ट शिकवायला दवाखान्यात कुणालाही वेळ नसतो. मला पहिल्या वेळी खोक्यातील माहितीपत्रक हाती देऊन घरी पाठवण्यात आले. दुसऱ्या वेळी एका अनुभवी नर्सने स्वतः समोर बसून सगळे करून दाखवले, आणि त्या दोन अनुभवांतला फरक मला आजही महत्त्वाचा वाटतो.

नवी बाटली उघडल्यावर ती सरळ उभी धरून पंप काही वेळा दाबावा लागतो. सुरुवातीला नुसती हवा येते, मग थेंब, आणि मग बारीक तुषार. तुषार दिसला की पंप तयार झाला आणि त्यानंतर ही क्रिया रोज करायची नसते, नाहीतर औषध वाया जाते. नाक आधी शिंकरून मोकळे करायचे, मान किंचित पुढे झुकवायची, एक नाकपुडी बोटाने बंद करून दुसरीत टोक ठेवायचे, पंप एकदाच दाबून त्याच वेळी हलकासा श्वास आत ओढायचा आणि मग मान थोडी मागे टेकवून काही क्षण तसेच थांबायचे, म्हणजे औषध अस्तरावर पसरते. जोरात ओढले तर ते थेट घशात उतरते आणि जिभेच्या मुळाशी कडवट चव रेंगाळते. ती चव आली की हात फार घाईने चालला असे मी समजत असे. फवारताना किंवा लगेच नंतर शिंक आली तर औषध पुरेसे शोषले जात नाही, म्हणून धूप, फोडणी आणि अत्तर यांच्यापासून त्या वेळी लांब राहिलेले बरे. आपल्या स्वयंपाकघरात मिरच्यांची फोडणी बसत असताना हे औषध घेऊ नये, ही सूचना इंग्रजी माहितीपत्रकात सापडणार नाही, म्हणून मी ती येथे नोंदवते.

सर्दी झाली म्हणून औषध थांबवायचे नसते. चोंदलेले नाक उघडणारा दुसरा स्प्रे लागलाच, तर तो नाफारेलिनच्या आधी न घेता नंतर घ्यावा. ब्रिटनमधील सूचनेप्रमाणे मध्ये किमान अर्धा तास जाऊ द्यावा लागतो. अमेरिकेतील सूचना दोन तासांची आहे, आणि मला ती अधिक सुरक्षित वाटली. बाटली २५ अंशांखालील तापमानात, प्रकाशापासून दूर आणि उभीच ठेवावी लागते. तिच्यात ६० मात्रा असतात. त्यानंतरही पंपातून काहीतरी बाहेर येत राहते, पण ती मात्रा पूर्ण असेलच असे नाही. तेव्हा कॅलेंडरवर खुणा करणे आवश्यक आहे; मी सकाळ आणि संध्याकाळ वेगळ्या रंगाने लिहीत असे.

एंडोमेट्रिओसिससाठी नेहमीची मात्रा म्हणजे सकाळी एका नाकपुडीत २०० मायक्रोग्रॅमची एक फवारणी आणि संध्याकाळी दुसऱ्या नाकपुडीत तेवढीच. सुरुवात पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान करतात. या हिशेबाने एक बाटली ३० दिवस पुरते. पहिले दोन-तीन आठवडे मात्र धीर धरण्याचे असतात, कारण पिट्युटरी आधी चेतवली जाते आणि त्या काळात दुखणे वाढू शकते, मध्येच रक्तस्रावही होतो. मला याची पूर्वसूचना होती म्हणून मी टिकले; एका मैत्रिणीला ती नव्हती, आणि औषध उलटले असे समजून तिने ते दुसऱ्याच आठवड्यात सोडून दिले.

त्यानंतर जो आराम पडला त्याचे वर्णन मी काटकसरीने करणार नाही. वर्षानुवर्षे दर महिन्याला ओटीपोटात आणि कमरेत जे पिळवटून निघत असे, ते थांबले. शौचाला जाताना होणारी कळ थांबली. कोणत्या आठवड्यात घराबाहेर पडता येईल याचा हिशेब करणे थांबले. पाळीत दुखायचेच, लग्न झाले की कमी होते, मूल झाले की जाते, अशा समजुतींवर जिची पंधरा-वीस वर्षे काढली गेली असतील, तिला आपले दुखणे खरे होते याचा पुरावा या आरामातून मिळतो, आणि मला तो उपचाराइतकाच मोलाचा वाटला.

किंमतही मोजावी लागते. अंगातून गरम वाफा येणे हा दुष्परिणाम जवळजवळ प्रत्येकीला होतो. रात्री पांघरूण फेकून द्यावेसे वाटते आणि पुढच्याच क्षणी घामाने थंडी वाजते. झोप तुटते, डोके दुखते, योनीमार्ग कोरडा पडतो, इच्छा मंदावते. मन अकारण भरून येणे हे मला सर्वांत जड गेले. ज्यांना पूर्वी नैराश्याचा त्रास झाला आहे त्यांनी तो डॉक्टरांना आधीच सांगितला पाहिजे, कारण हे औषध तो वाढवू शकते. हाडांची घनता कमी होणे हा दिसत नसलेला, पण सर्वांत गंभीर परिणाम, आणि त्यामुळेच हा उपचार सहसा सहा महिन्यांपुरता मर्यादित ठेवतात. हाडांना तग धरायला जेवढे इस्ट्रोजेन लागते, तेवढ्याने एंडोमेट्रिओसिस पुन्हा फोफावत नाही, या तत्त्वावर सोबत अल्प मात्रेत संप्रेरके देण्याची पद्धत आहे. तिला अ‍ॅड-बॅक म्हणतात. ब्रिटनमध्ये त्यासाठी टिबोलोनसारखी गोळी देतात. ती सुरू झाल्यावर माझ्या वाफा बऱ्याच उतरल्या. कुणी आपणहून सुचवले नाही तरी अ‍ॅड-बॅकबद्दल विचाराच, असा माझा आग्रह आहे.

औषधाला जे जमत नाही तेही स्पष्ट असावे. अंडाशयातील चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, त्याने नाहीशी होत नाही, अवयव एकमेकांना चिकटले असतील तर ते सुटत नाहीत, आणि औषध बंद झाल्यावर बऱ्याच जणींचे दुखणे काही काळाने परत येते.

मूल होण्याच्या संदर्भात तर गैरसमज फारच आहेत. ‘सहा महिने स्प्रे घे, रोग शांत होईल, मग दिवस राहतील’ हे वाक्य मी नात्यातल्या बायकांकडून ऐकले आहे. स्प्रे चालू असताना स्त्रीबीज सुटत नसते, म्हणजे तेवढे महिने गर्भधारणेच्या दृष्टीने थांबण्याचेच असतात. आणि पस्तिशी ओलांडलेल्या बाईसाठी सहा महिने ही लहान गोष्ट नाही. एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रीला नैसर्गिकरीत्या दिवस राहावेत म्हणून अशी संप्रेरके दाबणारी औषधे देऊ नयेत, असे एश्रे या युरोपीय तज्ज्ञसंस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. आयव्हीएफपूर्वी तीन ते सहा महिने ही औषधे देण्याची पद्धतही पूर्वी रूढ होती. तिचा फायदा अनिश्चित असल्यामुळे त्याच सूचनांत तिची शिफारस केलेली नाही. याच्या उलट टोकाची चूकही होते: पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणारच नाही असे धरून चालणे. मात्रा चुकली तर स्त्रीबीज सुटू शकते, आणि गर्भारपणात हे औषध चालत नाही, म्हणून या काळात निरोधसारखे संप्रेरकविरहित साधन वापरावे लागते.

आयव्हीएफमध्ये हाच स्प्रे वेगळ्या कामाला येतो. तिथे रोग शमवणे हा हेतूच नसतो. शरीराने ठरलेल्या वेळेआधी स्त्रीबीजे सोडून देऊ नयेत आणि सगळी सूत्रे डॉक्टरांच्या हाती राहावीत, यासाठी तो दिला जातो. मात्रा दुप्पट असते: सकाळी दोन्ही नाकपुड्यांत एकेक आणि संध्याकाळी पुन्हा तसेच, म्हणजे दिवसाला ८०० मायक्रोग्रॅम, आणि बाटली १५ दिवसांतच संपते. दुसरी बाटली वेळेत हाताशी असणे म्हणूनच फार आवश्यक आहे. अंडाशय शांत झाल्याचे सोनोग्राफीत दिसले की बीजे वाढवणारी इंजेक्शने सुरू होतात, आणि स्प्रे त्यांच्या जोडीने एचसीजीच्या, म्हणजे बीजे पक्व करणाऱ्या संप्रेरकाच्या, शेवटच्या इंजेक्शनपर्यंत चालू राहतो. इंजेक्शने सुरू झाली की स्प्रे बंद करायचा, असा अनेकींचा समज होतो. तसे केले तर सगळे चक्र वाया जाऊ शकते. हल्ली बऱ्याच ठिकाणी सेट्रोरेलिक्स किंवा गॅनिरेलिक्स ही बीजे वेळेआधी सुटू न देणारी दुसरी औषधे वापरून कमी दिवसांचे चक्र करतात. तुम्हाला स्प्रेची ही लांबची पद्धत सुचवली असेल, तर ती का, हे विचारण्यात काहीही गैर नाही.

पुण्यात माझ्या मावसबहिणीला याच जातीचे ल्युप्रोलाइडचे महिन्याचे इंजेक्शन दिले गेले, आणि आम्ही दोघींनी आपापले अनुभव पुष्कळदा ताडून पाहिले. तिला रोजची आठवण ठेवावी लागली नाही, हे मोठे सुख होते. पण मन फार खचले तेव्हा तिला इंजेक्शनचा असर ओसरण्याची वाट पाहण्यावाचून उपाय नव्हता. स्प्रेचा असर शरीरातून लवकर उतरतो. थांबवल्यावर साधारण चार ते आठ आठवड्यांत पाळी परत येते, आणि हा ताबा आपल्या हातात असणे मला धीर देणारे वाटले. रोजच्या औषधात सातत्य राखणे जिला अवघड जाते, जी रात्रपाळी करते, किंवा जिला ॲलर्जीने सतत शिंका येतात, तिने इंजेक्शनच घ्यावे असे मी म्हणेन. प्रवासातही स्प्रेकडे लक्ष द्यावे लागते. दिवाळीत भारतात आले तेव्हा साडेपाच तासांच्या फरकामुळे दोन्ही वेळा बदलल्या. नर्सला विचारून त्या हळूहळू सरकवल्या, आणि बाटली विमानात हातातल्या पिशवीतच ठेवली. स्प्रे सर्दीच्या औषधासारखा दिसतो, त्यामुळे कार्यालयात किंवा पाहुण्यांच्या घरी कुणाला काही सांगावे लागत नाही. ज्या घरांत ‘काही गोड बातमी?’ हा प्रश्न जेवणाच्या पंगतीत विचारला जातो, तिथे एवढा खासगीपणाही फार उपयोगी पडतो.

खर्चाबद्दल थोडक्यात: इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) चिठ्ठीवर २०२४ पासून एका औषधाला ९.९० पौंड पडतात, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये काहीच नाही. खासगी आयव्हीएफमध्ये मात्र औषधांची पूर्ण किंमत आपल्याला भरावी लागते.

आज एंडोमेट्रिओसिसच्या दुखण्यासाठी नव्याने उपचार सुरू करायचे असते, तर मी स्प्रेच्या आधी गोळ्यांबद्दल विचारले असते. डायनोजेस्ट भारतात सहज मिळते आणि पुष्कळजणींना मानवते. रेलुगोलिक्समध्ये इस्ट्रॅडिओल आणि नोरेथिस्टेरोन आधीच मिसळलेली एक रोजची गोळी आहे, म्हणजे अ‍ॅड-बॅक त्यातच आले. आधी इतर औषधे किंवा शस्त्रक्रिया यांचे उपचार घेतलेल्या रुग्णांसाठी इंग्लंडच्या नाइस या, एनएचएसला उपचार सुचवणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये तिची शिफारस केली आहे. या गोळ्या मानवल्या नाहीत, किंवा शस्त्रक्रियेपूर्वी काही महिनेच इस्ट्रोजेन खाली आणायचे आहे, अशा वेळी नाफारेलिनचा स्प्रे मी पुन्हा घेईन, मात्र थांबवण्याची तारीख आणि अ‍ॅड-बॅकची गोळी ही दोन्ही पहिल्याच चिठ्ठीवर लिहून घेऊन.