गोळी बदलू, सलाईन लावू की डॉक्टर बदलू?

गेल्या महिन्यात मावसबहीण घरी आली ती प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्ट कोंबूनच. दीड वर्षातले सहा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासण्या. हिमोग्लोबिन ९.६, मग १०.८, मग ९.९, परत १०.४. दुसऱ्या मजल्यावर चढताना धाप, फणीत रोज केसांचा गुंता, आणि ट्रेमधला बर्फ कडाकडा चावायची सवय. ही सवय लोह कमी असल्याचं लक्षण असू शकते, सांगायची गोष्ट आहे, हे तिच्या गावीच नव्हतं. मी पाणी आणायला उठले तेव्हा मागून प्रश्न आला, "ताई, गोळी बदलू, सलाईन लावून घेऊ, की सरळ डॉक्टरच बदलू?"

मी डॉक्टर नाही. पण या चक्रात तीन वर्षं फिरले आहे आणि हे तीनही पर्याय अंगावर घेतले आहेत, म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे मांडते. पहिले दोन पर्याय शरीरात लोह भरण्याचे आहेत. तिसरा, लोह जातंय कुठे ते शोधण्याचा. टाकी गळत असताना टँकरवाला बदलून काय होणार? माझं स्वतःचं एक वर्ष असं टँकर बदलण्यातच गेलं.

आधी हातातला कागद

तिच्या सहा रिपोर्टांत फेरिटिन एकदाही नव्हतं. फेरिटिनवरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. हिमोग्लोबिन म्हणजे हातखर्चाचे पैसे आणि फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. शिल्लक संपत आली तरी हातखर्च काही दिवस नीट चालतो. त्यामुळे हिमोग्लोबिन १२.२ असलेली बाईसुद्धा थकलेली, केस गळणारी, रात्री पाय वळवळणारी असू शकते, आणि तिला "रक्त उत्तम आहे, टेन्शन घेऊ नका" असं सांगून घरी पाठवलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२च्या खाली, पुरुषाचं १३च्या खाली आणि गरोदर स्त्रीचं ११च्या (मधल्या तीन महिन्यांत १०.५च्या) खाली गेलं की अनेमिया. फेरिटिन १५च्या खाली म्हणजे साठा संपलेला, पण बरेच डॉक्टर ३०च्या खालीच उपचाराचा विचार करतात. लॅबच्या कागदावर मात्र खालची मर्यादा कुठे १०, कुठे १३ छापलेली असते. फेरिटिन १४ आलं तर शेजारी 'आकडा बिघडलाय' सांगणारी चांदणी नसते, आणि चांदणी नसली की कुणी बघत नाही.

उलटही होतं. ताप, संसर्ग, सांध्यांची सूज असली की फेरिटिन खोटं वर जातं. आजारपणातल्या ६०च्या आकड्यावर निश्चिंत होऊ नका.

आणखी एक पडताळणी फुकटात होते. सीबीसीवरच्या एमसीव्हीला, म्हणजे लाल पेशींच्या सरासरी आकाराला, लाल पेशींच्या संख्येने (दशलक्षांत) भागा. एमसीव्ही ६२ आणि पेशी ५.८ असतील तर उत्तर १०.७ येतं. १३च्या खालचं उत्तर थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे हिमोग्लोबिनच्या सौम्य आनुवंशिक दोषाची, शंका घ्यायला पुरेसं आहे. तसं असेल आणि साठा भरलेला असेल, तर आयर्नच्या गोळ्या वर्षभर खाल्ल्या तरी हिमोग्लोबिन हलणार नाही, कारण दोष लोहाचा नाहीच. अर्थात हा भागाकार म्हणजे निदान नव्हे. त्यासाठी हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी करतात. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली कुटुंबांत हे जास्त आढळतं, पण बाकीच्यांत नसतंच असं नाही. गडचिरोली, नंदुरबारकडचे असाल तर सिकलसेलही त्याच तपासणीत कळतो. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) रक्तविज्ञानाची संस्था आहे, तिचं कामच हे.

गोळी, पण नीट

"गोळ्या लागू पडत नाहीत" म्हणणाऱ्या निम्म्या जणींनी गोळी लागू पडायला संधीच दिलेली नसते. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही, मीही त्यातलीच. माझ्या दुसऱ्या डॉक्टरांनी एकच विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?" सकाळच्या चहाबरोबर, पोह्यांच्या बशीशेजारी ठेवून. ते काही बोलले नाहीत, नुसता पेन खाली ठेवला.

चहा-कॉफी, दूध, कॅल्शियमची गोळी, अँटासिड, पित्तासाठी रोज सकाळी घेतली जाणारी ती 'प्राझोल'वाली कॅप्सूल, या सगळ्यांमुळे लोह कमी शोषलं जातं. थायरॉइडची गोळी असेल तर ती आणि आयर्न यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडच्या गोळीचाच परिणाम कमी होतो. रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर, पुढचा तासभर चहा नाही, ही साधी शिस्त.

मळमळ आणि बद्धकोष्ठ यांनी हैराण असाल तर एक दिवस आड गोळी चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. ही पळवाट नाही. एक डोस घेतला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि पुढचे साधारण २४ तास आतडं लोहाला दार लावून घेतं. २०१७ साली झुरिचच्या संशोधकांनी लोहसाठा कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर हे मोजलं. रोज गोळी घेतल्यास त्यातलं सुमारे १६ टक्के लोह शोषलं गेलं, एक दिवस आड घेतल्यास सुमारे २२ टक्के.

किती दिवस वाट बघायची? नीट घेतली तर महिन्याभरात हिमोग्लोबिन किमान १ने वर यायला हवं. आलं तर गोळीच चालू ठेवा. ती सगळ्यात स्वस्त आहे, आणि आशाताई किंवा आरोग्य केंद्राकडून मिळणारी लाल गोळी हेही ६० मिलिग्रॅम खरं लोहच असतं, त्यात कमीपणा काही नाही. आकडा १२ झाला की मात्र सगळे गोळी बंद करतात, आणि इथेच फसतात. साठा भरायला त्यानंतर आणखी तीनेक महिने लागतात. बहिणीचा आलेख वर-खाली का होत होता याचं अर्धं उत्तर हे. १०.८ झालं की ती थांबायची.

जाता जाता बिटाबद्दल. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. डाळिंबाची तीच गत. लाल रंगाचा आणि रक्ताचा संबंध आपल्या आज्यांनी लावला, त्यांना दोष नाही. अळीव, नाचणी, मोड आलेली कडधान्यं, खात असाल तर मटणाची कलेजी (गरोदर असाल तर ती डॉक्टरांना विचारून), हे सगळं खावं. पण साठा रिकामा झाल्यावर नुसत्या ताटावर तो भरून निघत नाही.

सलाईनमधून लोह

याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, "एकदा लावून टाक, सुटशील". दुसरं, "रिअॅक्शन येते, माणूस जातो". दोन्ही चूक.

गोळी पोटाला सोसतच नाही, आतड्याचा आजार आहे, पोटाची शस्त्रक्रिया झालेली आहे, ऑपरेशनची तारीख जवळ आली आहे, गरोदरपणाचे शेवटचे महिने आहेत, किंवा रक्त इतकं जातंय की गोळीचा वेग पुरत नाही, अशा वेळी सलाईन हा योग्य मार्ग. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत. अंगात ताप, संसर्ग असताना पुढे ढकलतात.

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार ऐकाल. आयर्न सुक्रोज जुनं आणि स्वस्त, पण एका वेळी २०० मिलिग्रॅमच. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज, म्हणजे 'एफसीएम', महाग, पण एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत, तेही पंधरा-वीस मिनिटांत. गरज काढायचं जुनं सूत्र आहे: वजन गुणिले हिमोग्लोबिनमधली तूट गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. वजन ५५ किलो, हिमोग्लोबिन ९, लक्ष्य १५ धरलं तर ५५ × ६ × २.४ म्हणजे ७९२, अधिक ५००, एकूण साधारण १३०० मिलिग्रॅम. सुक्रोजने हे भरायचं तर सहा-सात चकरा. एफसीएमने दोन, मध्ये आठवडा ठेवून. रोजंदारी बुडवून, एसटीने तालुक्याला जाऊन सात चकरा मारणाऱ्या बाईला स्वस्त इंजेक्शन स्वस्त पडतंच असं नाही. औषधाच्या किमतीबरोबर चकरांचा हिशेबही मांडा.

धोके आहेत. गंभीर अॅलर्जी क्वचितच होते, पण होते, म्हणून जिथे ती सांभाळायची सोय आहे अशा दवाखान्यातच घ्या आणि नंतर अर्धा तास तिथेच बसा. घरी येऊन सलाईन लावून देणाऱ्यांना नको म्हणा. सुई शिरेबाहेर सरकली तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने राहतो. जळजळ झाली की लगेच सांगा, भिडेखातर गप्प बसू नका. एफसीएम वारंवार घेतलं तर रक्तातलं फॉस्फेट उतरून अशक्तपणा आणि हाडं दुखणं सुरू होऊ शकतं, म्हणजे ज्यासाठी घेतलं तेच लक्षण परत. सलाईननंतर पंधरा दिवसांत फेरिटिन तपासू नका, ते उगीच फुगलेलं दिसतं. दोन महिने जाऊ द्या.

मला सलाईननंतर तिसऱ्या आठवड्यात जिना चढताना मध्ये थांबावं लागलं नाही. बर्फाची ओढ तर आठवड्यात गेली. आणि आठ महिन्यांनी फेरिटिन पुन्हा ९ आलं.

रक्ताची बाटली या तुलनेत मी धरलेलीच नाही. हिमोग्लोबिन ७च्या खाली गेलं किंवा छातीत दुखणं, बसल्या जागी धाप अशी लक्षणं आली, तर तो निर्णय रुग्णालयाचा. "अशक्तपणा आहे, एक बाटली चढवा" असं मागायची ती गोष्ट नव्हे.

गळती शोधणारा डॉक्टर

पाळी चालू असलेल्या बाईने आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं, असं माझं मत. पण तिथे खरं बोलावं लागतं. "पाळीत किती जातं?" या प्रश्नाला मी वर्षानुवर्षं "सगळ्यांना जातं तेवढंच" असं उत्तर दिलं. सगळ्यांना किती जातं हे मला कुठे माहीत होतं? दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, रात्री उठावं लागणं, दोन पॅड एकावर एक लावणं, रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी पडणं, सात दिवसांपेक्षा जास्त चालणं, हे 'सगळ्यांना' होत नाही.

साधा हिशेब बघा. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह. पाळीत १५० मिलिलिटर गेलं तर ७०-७५ मिलिग्रॅम गेलं. अन्नातून शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम घेतं, आणि त्यातलं निम्मंअधिक रोजच्या झिजेतच संपतं. महिन्याअखेर शिल्लक कशी राहणार?

माझ्या सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठी, निघाले. त्यावर पहिल्या डॉक्टरांनी थेट "पिशवी काढून टाका" म्हटलं. इथे थोडं थांबा. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या प्रकरणाची चौकशी सरकारला करावी लागली होती, ते विसरू नका. पिशवी काढणं कधीकधी खरंच गरजेचं असतं. पण त्याआधी पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करायला घ्यायच्या ट्रानेक्सॅमिक अॅसिडच्या गोळ्या, हार्मोन सोडणारी तांबी, नुसत्या गाठी काढणं असे मार्ग असतात. दुसरं मत घ्या, रिपोर्ट तुमचेच आहेत. मी हार्मोनची तांबी बसवली. पहिले चार महिने डाग पडत राहिल्याने वैताग आला, नंतर पाळी जेमतेम उरली. फेरिटिन आता ४०च्या वर टिकून आहे, गोळीशिवाय.

पुरुष असाल, किंवा पाळी थांबलेली असेल, तर गोष्ट पूर्ण वेगळी आहे. तिथे लोह कमी निघालं की पोट तपासायचंच, म्हणजे फिजिशियनमार्फत पोटविकारतज्ज्ञ, आणि बहुतेकदा वरून-खालून दोन्ही दुर्बिणी. आमच्या सोसायटीतले एक काका गुडघ्यासाठी रोज पेनकिलर घेत आणि वर्षभर टॉनिक पीत होते. जठरात अल्सर होता. आतड्याचा कॅन्सरही कधीकधी फक्त कमी हिमोग्लोबिन बनून समोर येतो. मूळव्याध आहे म्हणून रक्त त्याचंच असणार, असं घरच्या घरी ठरवू नका. गोळीने शौचाचा रंग काळपट होतो, ते ठीक. डांबरासारखी चिकट, घाण वासाची काळी शौच झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पोटाच्या डॉक्टरांना दोन तपासण्यांबद्दल आवर्जून विचारा: सीलिएक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसणं (रक्ताची टीटीजी तपासणी, तोवर पोळी बंद करू नका, नाहीतर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो), आणि एच. पायलोरी, म्हणजे जठरातला एक जिवाणू. शेतात अनवाणी काम असेल तर हुकवर्म, म्हणजे आतड्यात रक्त पिणारा जंतही.

रक्तविकारतज्ज्ञाकडे कधी? माझ्या मते सगळ्यात शेवटी. गळती सापडत नाही, सलाईन देऊनही आकडा हलत नाही, किंवा पांढऱ्या पेशी, प्लेटलेटही बिघडलेल्या आहेत, तेव्हा. त्यांच्याकडे आधीच गर्दी असते आणि फी मोठी. आणि साठा भरूनही थकवा तसाच असेल, तर लोहाचा पिच्छा सोडून बी१२, थायरॉइड, झोप आणि मन यांकडे बघा. शाकाहारी घरांत बी१२ आणि लोह दोन्ही एकदम कमी असू शकतात, आणि मग एमसीव्ही फसवा नॉर्मल दिसू शकतो.

बहिणीचं फेरिटिन ६ आलं. गोळी तीच ठेवली आहे, एक दिवस आड, सकाळी सातला लिंबूपाण्याबरोबर. चहा साडेआठला, यावर घरात दोन भांडणं झाली. सोनोग्राफीची वेळ पाळी संपल्यानंतरच्या सोमवारची आहे. या खेपेला किती पॅड लागले ते ती कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते आहे. कालपर्यंत एकोणीस झाले होते.