कन्नडमधून मराठीत आलेल्या घरगुती कादंबऱ्या: विकत घेण्याआधी कुठलं पान उघडावं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचकाला अनुवादाने फसवणं अवघड आहे. घरात मराठी, बाजारात आणि बसमध्ये कन्नड. त्यामुळे मराठी वाक्याखालचं मूळ वाक्य त्याला ऐकू येतं. पुण्या-मुंबईत 'ओघवता अनुवाद' म्हणून नावाजलेलं पुस्तक इथं तिसऱ्या पानावर अडतं, आणि बहुतेक वेळा अडतं ते एखाद्या नात्याच्या शब्दावर. कुटुंबाची कादंबरी असेल तर हा दोष किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. नाती चुकली की कथानकच चुकतं.

कन्नडमध्ये 'अत्ते' म्हणजे बापाची बहीण, आणि सासूसुद्धा 'अत्ते'च. 'माव' म्हणजे मामा, तोच शब्द सासऱ्यालाही. कारण उघड आहे: आते-मामे भावंडांत लग्नं होतात, आणि कर्नाटकात बऱ्याच समाजांत भाचीचं लग्न सख्ख्या मामाशीही लागतं. आता नवी सून 'अत्ते' अशी हाक मारते तेव्हा अनुवादकाने काय लिहायचं? सरसकट 'सासूबाई' लिहिलं, तर ही पोर लहानपणी सुट्टीला ज्या आत्याकडे यायची त्याच घरात आता पदर घेऊन वावरते आहे, हा सगळा ताण उडून जातो. खरं तर मराठीत तयार शब्द आहेत. कोल्हापूर, निपाणी, चिक्कोडी पट्ट्यातल्या बायका सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' म्हणत आल्या. ज्या अनुवादकाला हे सुचतं, त्याचं पुस्तक डोळे मिटून घ्यावं.

'चिक्कम्म' त्याहून घातक. आईची धाकटी बहीण चिक्कम्म, आणि बापाच्या धाकट्या भावाची बायकोही चिक्कम्म. म्हणजे मावशी की काकू, हे संदर्भावरून ठरवावं लागतं. घरच्या वाटणीचं प्रकरण असेल तर फरक थेट जमिनीवर येतो: काकूच्या नवऱ्याचा वडिलोपार्जित शेतात हिस्सा असतो, मावशीच्या नवऱ्याचा नसतो. काकूची मावशी झाली की वाचणाऱ्याला कळतच नाही, ही बाई एवढी भांडते कशासाठी.

म्हणून दुकानात पुस्तक हातात घेतल्यावर पहिलं पान वाचू नका, ते सगळेच घासूनपुसून लिहितात. लग्नाचं किंवा श्राद्धाचं पान शोधा. सगळे नातेवाईक तिथे एकदम येतात. दीर, मेहुणा, साडू, भावोजी अशी माणसं वेगवेगळी ओळखू आली तर पुस्तक चांगलं. सगळेच 'मेहुणे' असतील, तर पुस्तक बहुधा इंग्रजीवाटे आलेलं आहे, कारण इंग्रजीत या चौघांनाही एकच शब्द पुरतो. मग श्रेयनामावलीचं पान बघा. मूळ कन्नड नाव आणि 'कन्नडमधून अनुवाद' असं स्पष्ट छापलेलं असेल तर ठीक. फक्त इंग्रजी नाव असेल तर दोनदा गाळलेला चहा पिण्याची तयारी ठेवा.

दुसरी कसोटी सारख्या दिसणाऱ्या शब्दांची. संस्कृतातून दोन्ही भाषांत आलेले शब्द अनुवादकाला निवांत करतात आणि तिथंच पाय घसरतो. कन्नड 'प्रपंच' म्हणजे जग, आपला प्रपंच म्हणजे घरसंसार. कन्नड 'तिथि' म्हणजे बरेचदा श्राद्ध. 'अनुमान' म्हणजे संशय, 'अवसर' म्हणजे घाई, 'उपन्यास' म्हणजे व्याख्यान. 'नवऱ्याला तिच्याविषयी अनुमान होते' असं वाक्य दिसलं की समजावं, अनुवादकाने शब्द उचलला आणि अर्थ मागेच ठेवला. ('कादंबरी' हा शब्द मात्र दोन्हीकडे एकाच अर्थाने चालतो, तेवढीच सोय.)

स्वयंपाकघरातही तेच. जुन्या म्हैसूर भागातलं 'मुद्दे' म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवून वळलेला गोळा, सारात बुडवून न चावता गिळायचा. त्याची 'भाकरी' केली की माणूस हासनहून उचलून थेट बैलहोंगलला आणून बसवल्यासारखं होतं. ज्वारीची भाकरी इकडची, उत्तर कर्नाटकातली. तळटीप नको, 'नाचणीचा मुद्दा' एवढं म्हटलं तरी भागतं. पण ते म्हणायला अनुवादकाला माहीत हवं.

या कसोट्या लावून सर्वांत चांगला उतरतो तो एस. एल. भैरप्पांच्या 'वंशवृक्ष'चा उमा कुलकर्णींनी केलेला अनुवाद. मूळ कादंबरी 1965 ची, म्हणजे तशी जुनीच. तरी आजही सीमाभागात घरगुती कादंबरीचा विषय निघाला की मोजपट्टी हीच. नंजनगूडचे श्रोत्री, त्यांचा कपिला नदीत बुडून गेलेला मुलगा, म्हैसूरला शिकायला जाऊन पुन्हा लग्न करणारी सून कात्यायनी, आणि आजोबांकडेच राहिलेला तिचा मुलगा. मूल कुणाचं, आईचं की वंशाचं, या एका प्रश्नावर सगळं उभं आहे. उमाताईंचा जन्म बेळगावचा. पती विरूपाक्ष कन्नड मजकूर वाचून टेप करायचे आणि त्या ऐकून मराठी लिहायच्या. कानावाटे आल्यामुळे असेल, संवाद कुठेही कागदी वाटत नाहीत. या अनुवादाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार 1989 साली मिळाला. उणीव सांगायची तर धर्मशास्त्रावरच्या चर्चा लांबतात आणि इतिहासकार सदाशिवरावांचं दुसरं कथानक मध्ये मध्ये थंड पडतं. पण तो मूळ लेखकाचा हिशेब. कात्यायनीच्या बाजूने वाचणाऱ्या बायका इथे श्रोत्रींवर बऱ्याच रागावतात, आणि कादंबरी त्या रागाला जागा देते, हे तिचं मोठेपण.

आजच्या शहरी घराविषयी वाचायचं असेल तर विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर' (2013). बेंगळुरूचं एक कुटुंब, मसाल्याच्या धंद्यात अचानक आलेला पैसा, आणि त्या पैशाने बदललेलं घरातलं वजन. लहानसं पुस्तक आहे, एका बैठकीत होतं. नावातले दोन्ही शब्द कन्नड शब्दकोशात नाहीत. एका घरापुरता बनवलेला, गुंता या अर्थाचा शब्द आहे तो. अशा शब्दाचा अनुवाद करायचा नसतो, तसाच ठेवायचा. 'इथे काही घडतच नाही' अशी तक्रार काही वाचक करतात. घडतं, पण न बोललेल्या वाक्यांत. भराभर वाचणाऱ्याच्या हाती लागत नाही.

एक तक्रार सर्रास ऐकू येते आणि ती रास्त आहे. कन्नड पात्रं मराठीत आली की सगळी सदाशिव पेठी बोलतात. बायको नवऱ्याला 'री' म्हणते त्याचं 'अहो' होणं बरोबरच, पण शेतकरी म्हाताऱ्याच्या तोंडी 'कृपया' का? बेळगावी मराठीत 'होय री', 'आलोय की' असं सहज चालतं, आणि ते छापून शोभतं हे प्रकाश नारायण संतांनी लंपनच्या कथांत दाखवून दिलंय. अनुवादकांनी तिकडे अजून पुरेसं बघितलेलं नाही.

आता वस्तू म्हणून पुस्तकाविषयी. पाचशे पानांची कादंबरी म्हणजे सोळा पानी एकतीस-बत्तीस फर्मे, म्हणजे घडी घातलेले छापील कागद. नुसत्या डिंकावर चिकटवलेली असेल तर बेळगावच्या पावसाळ्यात कणा सुटतो, आणि आधी सुटतात ती मधली पानं, कारण पुस्तक तिथंच सर्वांत जास्त ताणून उघडलं जातं. घेताना मधोमध उघडून फर्म्याच्या घडीत दोरा दिसतो का बघा. दिसला नाही तर पहिल्या पावसाआधी बाइंडरकडून शिवून घ्या, आणि आतला समास दोन सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर कडेने टोचून शिवायला देऊ नका. ओळींची सुरुवात शिलाईत जाते. कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या संमेलनांत पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे निवांत चाळता येतं, ऑनलाइन मागवताना ही सोय नाही.

श्राव्य आवृत्ती या प्रकाराला फारशी मानवत नाही. कन्नडमधले ऱ्हस्व ए आणि ओ देवनागरीत वेगळे लिहिले जात नाहीत, त्यामुळे वाचक-कलाकार नावं लांबवतो. शिवाय 'नागप्प', 'निंगप्प', 'नंजप्प' कानाला एकच माणूस वाटू लागतात. छापील प्रतीत मागे वळून बघता येतं. त्याहून बरं, पहिल्या पन्नास पानांतच मलपृष्ठाच्या आत पेन्सिलने वंशावळ काढून ठेवावी. वाचनालयाची प्रत असेल तर वेगळ्या चिठ्ठीवर, आणि परत करताना चिठ्ठी आतच राहू द्यावी; पुढचा वाचक दुवा देईल, ग्रंथपाल कदाचित नाही.