भाण ठेवायचं, गिझर लावायचा की दोन्ही जोडायचं?

गोव्यात फोंडा-सत्तरीकडे जुनं घर रिपेरीला काढलं की न्हाणीपाशी येऊन सगळे अडतात. कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, असेल तर चुडतं (झावळ्या), सोडणं (नारळाची सालं), करवंट्या फुकट पडून असतात, म्हणून आजीला भाण, म्हणजे चुलीवर पाणी तापवायचं मोठं भांडं हवं, बाकीच्यांना धूर नको, नळ फिरवला की गरम पाणी पाहिजे. मग कोणीतरी म्हणतं चुलीत पाईप घालून गिझरलाच जोडून टाकू, युरोपात करतात ना. करतात, खरंय, तिथे लाकडाच्या स्टोव्हच्या पाठीमागे पाणी तापवायची सोय असते आणि ती बॉयलरसोबत अख्खं घर गरम करते. आपल्याला फक्त आंघोळीचं पाणी हवंय, पण पाणी उकळून दाब वाढायचा धोका तोच.

आधी खर्च बघा. १०० लिटर पाणी २५ वरून ४५ अंशांवर न्यायला इलेक्ट्रिक गिझरला साधारण अडीच युनिट लागतात. गॅस गिझरला पाव किलोच्या आसपास गॅस, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साठेक वेळा. चुलीला दोन-अडीच किलो सुकं लाकूड तरी जातं कारण निम्म्याहून जास्त आच वाया जाते, पण लाकूड घरचंच असेल तर कोण मोजतंय. गॅस गिझर मात्र बंद न्हाणीत अजिबात नको, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, तो बाहेर मोकळ्या हवेत लावा.

सगळ्यात सोपं म्हणजे भाण आणि गिझर वेगवेगळे ठेवणं. रोजचं भाणावर, पाहुणे आले किंवा घाई असली की गिझर. एक बिघडलं तर दुसरं आहेच. मला विचाराल तर दहापैकी आठ घरांना एवढंच पुरे.

जोडायचंच असेल तर चूल सरळ गिझरच्या टाकीला लावू नका. गिझर थर्मोस्टॅटने बंद होतो, पेटलेलं लाकूड होत नाही. गिझरच्या इनलेटला उलट पाणी अडवणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे तापून फुगलेल्या पाण्याला मागे जायला वाट नाही, सगळा भार एका छोट्या सेफ्टी व्हॉल्व्हवर, आणि आपल्याकडच्या विहिरीच्या पाण्याने तो कधी जाम होईल सांगता येत नाही. पंप लावून पाणी फिरवणार असाल तर पावसाळ्यात लाईट गेली की पंप बंद, चूल चालूच, आणि पाईपात गुडगुड ऐकू आली म्हणजे पाणी उकळायला लागलं.

बरोबर पद्धत अशी: चुलीत तांब्याची कॉईल, तिच्यापेक्षा उंचावर जाड इन्सुलेशनवाली टाकी, मध्ये एक इंची पाईप सलग चढता, म्हणजे गरम पाणी पंपाशिवाय आपोआप वर जातं. टाकीच्या माथ्यावरून एक उघडा पाईप थंड पाण्याच्या टाकीच्याही वर काढायचा, म्हणजे वाफ आणि फुगलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. त्याच गरम टाकीत इलेक्ट्रिक हीटर बसवला की चूल पेटवली नाही त्या दिवशी त्याच्यावर भागतं, सोलरही तिथेच जोडता येतो, पण जून ते सप्टेंबर त्याच्यावर विसंबू नका. चुलीजवळ प्लास्टिकचा पाईप नको, सीपीव्हीसी पण नाही, तांबं किंवा जीआयच (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप). खर्च पहिल्या पर्यायाच्या कितीतरी पट, म्हणून होमस्टे असेल किंवा तीन-चार न्हाण्या असतील तरच परवडेल.

प्लंबरला काम देण्याआधी विचारा, उघड्या पाईपाचं तोंड कुठे काढणार? तो म्हणाला त्याला कॉक बसवतो, तर दुसरा प्लंबर बघा.