पेजमेकर सोडून इनडिझाइन आणि युनिकोड: अहवालाचा एक हंगाम काढल्यानंतर

सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे कोल्हापुरात डीटीपीचं दुकान चालवणाऱ्याला जुलैअखेरपासून मान वर करायला सवड नसते. पतसंस्था, दूध संस्था, विकास सेवा सोसायट्या, कारखाने, सगळ्यांचे अहवाल एकदमच येऊन पडतात. यंदाचा हंगाम आम्ही जुनं पेजमेकर सोडून पहिल्यांदाच इनडिझाइनवर (दोन्ही पानं मांडायची ॲडोबीची सॉफ्टवेअर) काढला. त्याआधी लग्नसराईत आणि शाळांच्या अंकांवर हात बसवून घेतला होता. बरेच व्यवसायबंधू फोन करून विचारतात, ‘ताई, घ्यावं का?’ दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. पैसे सॉफ्टवेअरला जातात, पण फायदा मिळतो तो युनिकोडमुळे (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला कोड देणारी पद्धत). इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेल्या जुन्याच फॉन्टात काम करणार असाल तर इनडिझाइन घेऊ नका, पेजमेकर चालतंय तोवर चालवा.

पेजमेकरबद्दल माझ्या मनात राग नाही. ऑल्डस कंपनीनं १९८५ साली मॅकिंटॉशसाठी ते काढलं, १९९४ मध्ये ॲडोबीनं ऑल्डसच ताब्यात घेतली आणि ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली. इकडच्या कित्येक दुकानांनी त्यानंतर दुसरं काही पाहिलंच नाही. इनडिझाइन तर १९९९ पासून होतं, मग इतकी वर्षं का नाही घेतलं? कारण आपल्या कामात फरक पडत नव्हता. भारतीय लिप्या नीट मांडणारा ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ अधिकृतपणे सीएस६ या आवृत्तीत, म्हणजे २०१२ साली आला. तोवर इनडिझाइनमध्येही श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असे जुन्या पद्धतीचेच फॉन्ट वापरायचे, मग त्यापेक्षा पेजमेकर काय वाईट?

आम्हाला बदलायला लावलं ते व्हॉट्सॲपनं. आता कुठल्याही संस्थेचा सचिव मजकूर कागदावर लिहून देत नाही. चेअरमनचं मनोगत मोबाइलवर बोलून टाइप होतं आणि व्हॉट्सॲपवर येतं. ते युनिकोडच असतं. ते समोर दिसत असताना आम्ही जुन्या फॉन्टात पुन्हा टाइप करत होतो, पुन्हा प्रूफ काढत होतो आणि त्यात नव्या चुका घालत होतो. मामांना (आमचे जुने ऑपरेटर, सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते) हे वावगं वाटत नव्हतं, कारण त्यांचा हात वाऱ्यासारखा चालतो. पण महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टायपिंगची परीक्षा देऊन आलेली नवी मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘हे तर टाइप झालेलंच आहे की!’

बसवून घेताना

इनडिझाइन टाकलं, मराठी मजकूर पेस्ट केला आणि ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे, जोडाक्षरं सुटी असं दिसलं तर घाबरू नका. पॅरेग्राफ पॅनलच्या मेन्यूत ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोझर’ निवडा. दरवेळी हातानं निवडत बसू नका, बेसिक पॅरेग्राफ स्टाइलच्या जस्टिफिकेशन भागात एकदाच नोंदवून ठेवा. याच स्टाइलमध्ये भाषाही ‘मराठी’ करा. ती शब्दलेखन तपासणीपुरती नसते. ज्या फॉन्टांत मराठी आणि हिंदी वळणाची अक्षरं वेगवेगळी दिलेली असतात, त्यांत भाषा मराठी केली की ल आणि श आपल्या वळणाचे येतात. आमचे एक निवृत्त मुख्याध्यापक प्रूफ तपासतात, ते हिंदी वळणाचा ल दिसला की पान तपासायलाच घेत नाहीत. त्यांचा वाद या एका सेटिंगनं मिटला.

ऑटो लीडिंग (दोन ओळींमधलं आपोआप धरलेलं अंतर) इंग्रजीच्या हिशेबानं १२० टक्के असतं. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात. आम्ही अहवालाचा मजकूर ११ पॉइंटला १६ लीडिंगवर ठेवतो, फॉन्टप्रमाणे एखादा पॉइंट इकडेतिकडे. जस्टिफाय करताना लेटर स्पेसिंग शून्यावरच ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते. शब्दांमधली जागा थोडी सैल सोडली तर चालते.

कीबोर्डची भीती मात्र अनाठायी निघाली. मामांचा हात टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेला. इनस्क्रिप्ट ही वेगळी मांडणी शिका म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी सुट्टीच टाकली असती. पण युनिकोडमध्येही टाइपरायटरची, म्हणजे रेमिंग्टनची मांडणी मिळते. ती लावून दिली, बोटं जुनीच, अक्षरं नवी.

ताळेबंद

इथं मात्र मी जरा थांबणार आहे, कारण अहवालाचा खरा त्रास मनोगतात नसतो, ‘एन’ नमुन्यातल्या ताळेबंदात असतो. डावीकडे भांडवल व देणी, उजवीकडे मालमत्ता व येणी, दोन्ही बाजूंना गतवर्ष आणि चालू वर्षाचे रकाने. पेजमेकरमध्ये हे सगळं टॅब मारून आणि रेषा हातानं ओढून करायचं. लेखापरीक्षकांनी शेवटच्या क्षणी एक तरतूद वाढवली की खालच्या सगळ्या रेषा सरकवत बसा. इनडिझाइनमध्ये खरा तक्ता असतो. ओळ घातली की बाकीचं खाली सरकतं, तक्ता पुढच्या पानावर गेला तर शीर्षकाची ओळ आपोआप तिथंही येते. रकान्यात दशांश टॅब लावला की रुपये-पैसे टॅब न मारता एकाखाली एक बसतात.

एक्सेलची फाइल लिंक करून आणायची सोय आहे, पण लिंक अपडेट केली की आपण केलेली सजावट जाते. त्यापेक्षा तक्ता आधी तयार ठेवावा, एक्सेलमधले आकडे कॉपी करावेत, तक्त्यातल्या पेशी निवडून नुसता मजकूर पेस्ट करावा. सजावट जागेवर राहते, आकडे बदलतात. संस्थेचा साचा एकदा बनला की पुढच्या वर्षी याच पद्धतीनं निम्मं काम झालेलं असणार.

अंकांचा प्रश्न निराळा. क्लार्क एक्सेलमध्ये इंग्रजी अंक देतो, संचालकांना देवनागरी हवे असतात. शोधा-बदला करून दहाही अंक बदलता येतात, ती मागणी साठवूनही ठेवता येते. पण ती संपूर्ण दस्तऐवजावर चालवली की आयएफएससी कोड, जीएसटी क्रमांक आणि फोन नंबरही देवनागरीत जातात. म्हणून आम्ही ती फक्त तक्त्यांवर, निवड करून चालवतो. पानांच्या क्रमांकांसाठी एक जुगाड केलाय: क्रमांकाला जुन्या फॉन्टची कॅरॅक्टर स्टाइल लावली. जुन्या फॉन्टात इंग्रजी अंकाच्या जागी देवनागरी अंकच बसवलेला असतो, त्यामुळे पानावर थेट ‘४८’ उमटतं. अहवालात एवढ्यापुरता तो फॉन्ट अजून ठेवलाय.

जुनं नव्यात आणताना

नव्या इनडिझाइनमध्ये पेजमेकरची फाइल उघडत नाही. सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या ती उघडायच्या. कुणाकडे तसं मशीन असेल तर तिथं उघडून सेव्ह करून आणता येते. आम्ही तो नाद केला नाही. जुनं मशीन तसंच ठेवलं, त्यावरून मजकूर आरटीएफमध्ये काढला, कन्व्हर्टरमधून युनिकोड केला आणि नव्या साच्यात ओतला. तेही फक्त दरवर्षी येणाऱ्या कामांसाठी. बाकीच्या फाइल्स आहेत तिथंच आहेत, कुणी मागितली तर बघू.

कन्व्हर्टर कुठलाही घ्या, डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आम्ही वापरला तो रफार चुकीच्या अक्षरावर टाकायचा आणि ‘ॲ’ चं काहीतरी वेगळंच करायचा. सगळ्यात छुपी गोची ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ची. कऱ्हाड, दुसऱ्या, शेतकऱ्यांना: या शब्दांतला तो अर्धा र दोन पद्धतींनी लिहिता येतो. एका पद्धतीत साध्या र ला हलन्त देऊन त्यामागं न दिसणारा जोडचिन्हाचा कोड असतो, दुसरीत ‘ऱ’ हे वेगळंच अक्षर असतं. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक सापडतं, दुसरं नाही. शेतकरी सभासदांच्या अहवालात ‘शेतकऱ्यांना’ किती वेळा येतं ते तुम्हीच समजा! मजकूर आल्या आल्या सगळीकडे ‘ऱ’ करून घ्यायचं, हा आता आमचा पहिला नियम.

जुन्या फॉन्टांसकट इनडिझाइनवर जाऊ नका असं वर म्हटलं, त्याचं कारणही इथंच आहे. त्या फॉन्टांत अवतरणचिन्हाच्या कळीवरही एखादं मराठी अक्षर बसलेलं असतं. इनडिझाइन साध्या अवतरणचिन्हाचं वळणदार करायला जातं आणि ते अक्षर बदलतं. ‘टायपोग्राफर्स कोट्स’ बंद करून ते थांबवता येतं. पण एवढं करून मिळालं काय? शब्दलेखन तपासणी नाही, वेबसाइटवर टाकलेल्या पीडीएफमध्ये सभासदाला आपलं नाव शोधता येत नाही, आणि व्हॉट्सॲपवरचा मजकूर पुन्हा टाइप करायचाच.

युनिकोड पीडीएफमध्ये शोध चालतो. मात्र त्यातून मजकूर कॉपी केला तर काही जोडाक्षरं विस्कटतात, तेव्हा ग्राहकाला मूळ मजकुराची फाइल वेगळी द्या.

छपाईला पाठवताना

पूर्वी उद्यमनगरला छपाईच्या प्लेटसाठी फाइल नेताना पेनड्राइव्हमध्ये फॉन्टही न्यावे लागायचे आणि तरी एखादं पान बिघडायचंच. आता थेट पीडीएफ/एक्स-१ए (छपाईसाठीचा पीडीएफचा प्रकार) देतो, फॉन्ट आतच असतात. छपाईआधी चुका दाखवणाऱ्या प्रीफ्लाइट पॅनलमध्ये स्वतःचं प्रोफाइल बनवून घ्या: आरजीबी (पडद्यासाठीचे) रंग, कमी रिझोल्यूशनचे फोटो, फ्रेमबाहेर गेलेला मजकूर. संचालकांचे फोटो व्हॉट्सॲपवरूनच येतात, तेव्हा कमी रिझोल्यूशनचा लाल दिवा रोज पेटतो. पण त्याहून महागात पडू शकतं ते वर्ड. वर्डच्या फाइलबरोबर काळा रंगही आरजीबी होऊन स्वॅचेसमध्ये (रंगांच्या यादीत) येऊन बसतो आणि साधा मजकूर चारही प्लेटांवर विभागला जातो. मशीनवर रजिस्टर (चारही रंगांची जुळणी) किंचित हललं की बारीक अक्षरांना रंगीत सावली. तो स्वॅच डिलीट करून त्या जागी इनडिझाइनचा स्वतःचा ब्लॅक द्यायचा, काम संपलं.

न आवडलेलं

विकत घेऊन कायमचं आपलं, हा प्रकार नव्या आवृत्त्यांसाठी २०१३ पासून संपला. वर्गणी भरा, वर १८ टक्के जीएसटी, आणि वर्गणी थांबली की आपलीच फाइल उघडायची पंचाईत. जीएसटी नोंदणी असेल तर इनपुट क्रेडिट मिळतं एवढंच. छोट्या दुकानाला, ज्याचं निम्मं काम बिलबुकं आणि हँडबिलं आहे, हा खर्च परवडत नाही, आणि मी तो करा म्हणणार नाही. शेजारच्या दुकानांत कुठली कॉपी चालते ते आपण सगळे जाणतो, त्यावर बोलत नाही.

वर्गणीची एक बाजू मात्र आम्हाला उपयोगी पडते. एकाच खात्यावर दोन मशीनवर टाकता येतं, दोन्हीकडे एकाच वेळी वापरायचं नाही इतकंच. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला आलं, तेव्हापासून पावसाळ्यात एक मशीन घरी वरच्या मजल्यावर तयार असतं. धरणाच्या विसर्गाची बातमी आली की फाइल्स घेऊन घरी.

मराठी शब्दलेखन तपासणी आहे, पण ‘सभासदांनीसुद्धा’ असल्या प्रत्ययांच्या शब्दांखाली ती उगाच लाल रेघ ओढते. मुद्रितशोधकाचं काम ती करत नाही. आणि सजावटीचे, लग्नपत्रिकेला शोभतील असे फॉन्ट युनिकोडमध्ये अजून कमीच. मुक्त, बलू, नोटो, तिरो देवनागरी मराठी हे मोफत मिळतात, पुस्तक आणि अहवालाला उत्तम आहेत. पण ‘शुभविवाह’ झोकात लिहायचं तर आम्ही अजून कोरल या सजावटीच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना फॉन्टच उघडतो. पत्रिकांच्या पाकिटांवरची नावं मात्र डेटा मर्जनं (यादीतली नावं साच्यात आपोआप भरायची सोय) इनडिझाइनमध्येच. एक्सेलमधून यादी ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणून सेव्ह करा. साधी सीएसव्ही दिली तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात.

ज्यांना वर्गणी नकोच, त्यांनी स्क्रायबस हे पानं मांडायचं दुसरं सॉफ्टवेअर बघावं. मोफत आहे, १.६ ही स्थिर आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि तीत मराठी जोडाक्षरं व्यवस्थित मांडली जातात. तक्त्यांच्या बाबतीत इनडिझाइनची सर नाही, पण कवितासंग्रह किंवा कथेचं पुस्तक निघेल. दुसऱ्या टेबलावर आम्ही तेच टाकलंय, एक लायसन्स वाचलं.

बदलायचं असेल तर दिवाळी अंक छापून झाल्यावर, नोव्हेंबरात सुरुवात करा. मशीनमध्ये १६ जीबी रॅम घाला. आणि अहवालाचे साचे मार्चपूर्वी बनवून ठेवा, कारण एप्रिल लागला की पहिली पतसंस्था ‘यंदा लवकर सभा घेणार आहोत’ म्हणत दारात येतेच.