14, 15 की 16 इंच? मराठवाड्यात गाडीला कोणता टायर घ्यावा

टायर बदलायला गेलं की दुकानदार आधी साइज वाढवायलाच सुचवतो. "दादा, सोळाचे टाका, गाडी उठून दिसंल." दिसते खरी. पण रोजचा रस्ता कोणता, हे तो विचारत नाही.

स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला 165/80 आर14 येतो (165 मिलिमीटर रुंदी, बाजूची उंची त्याच्या 80 टक्के, आणि 14 इंचाचं रिम, म्हणजे आतलं धातूचं चाक), वरच्याला 185/65 आर15, आणि बलेनोच्या वरच्या मॉडेलला 195/55 आर16. तिन्ही टायरांची बाहेरची उंची जवळपास सारखीच, 620 मिलिमीटरच्या आसपास. वाढतं ते रिम, कमी होतं ते रबर. चौदाच्या साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या रबरी भिंतीची, उंची 132 मिलिमीटर, पंधराची 120 आणि सोळाची जेमतेम 107.

आपल्याकडे हा फरक जास्त जाणवतो, कारण रस्त्याखाली काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं डांबर लाटालाटांचं होतं, कडा खचतात. अशा रस्त्यावर चौदाचा टायर दणके स्वतः पचवतो. सोळाचा तेच दणके कमरेपर्यंत पोचवतो. खड्ड्याची धार वेगात लागली तर साइडवॉल रिम आणि रस्त्यात चिमटते, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, टायर फेकायचाच.

ग्रिपमध्ये मात्र चौदा मागे पडतो. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला किंवा वळणावर गाडी घातली की रुंद टायर जास्त विश्वास देतो. साचलेल्या पाण्यात उलट, अरुंद टायर पाणी कापून खाली टेकतो. आणि शेताच्या वाटेवर काळा चिखल एकदा नक्षीत भरला, की तिघेही सारखेच. एसयूव्हीला एटी (ऑल-टेरेन, कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांसाठीचे जाड नक्षीचे) टायर टाकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. खडी-मुरुमावर ते उत्तम, पण डांबरावर आवाज करतात आणि मायलेज खातात.

झिजेचं गणित साइजपेक्षा रबरावर आणि हवेवर जास्त. कडक रबर जास्त किलोमीटर चालतं, पण पावसात ब्रेक लांब लागतो. मऊ रबर धरून ठेवतं आणि लवकर घासतं. समृद्धी महामार्गावर जालन्याहून नागपूरला नेहमी जाणं असेल तर हवा कमी ठेवून चालणारच नाही. तापलेलं काँक्रीट, 120 पर्यंतचा वेग आणि कमी हवेमुळे सतत वाकणारी साइडवॉल, यातूनच टायर फुटतो. हवा सकाळी, टायर गार असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. कडा घासल्या तर हवा कमी, मधला पट्टा घासला तर जास्त, एकच बाजू घासली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन बिघडलाय.

माझं मत सरळ आहे. रोज बीड-परळी पट्ट्यातली खेडी करणाऱ्यानं चौदाच ठेवावा, उरलेल्या पैशात चांगल्या प्रतीचा घ्यावा. शहर आणि हायवे दोन्ही असेल तर पंधरा. सोळा फक्त कंपनीनंच दिला असेल तर.

पैसे देण्याआधी टायरच्या बाजूवर DOT पासून सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार अंक वाचा. 0825 म्हणजे टायर 2025 च्या आठव्या आठवड्यात बनला. तारीख जुनी निघाली तर भाव पाडून मागा, नाहीतर सरळ पुढच्या दुकानात जा.