शॉर्टवेव्हच्या ठोक्यांवर संगणकाचं घड्याळ : कोल्हापुरातला वापरानंतरचा अनुभव

इंटरनेट नसताना लिनक्स संगणकाचं घड्याळ दोन-तीन मिलिसेकंदांत धरून ठेवायचं असेल, तर शॉर्टवेव्ह रेडिओवर वेळ सांगणारी केंद्रं दर सेकंदाला सोडतात ते ठोके पुरतात. वळवाच्या दिवसांपासून थंडीपर्यंत ही जुळणी कोल्हापुरात रोज चालू आहे आणि ती टिकली आहे. पण या विषयावरची बहुतेक माहिती अमेरिकेच्या डब्ल्यूडब्ल्यूव्ही केंद्रासाठी लिहिलेली असते. ती जशीच्या तशी उचलली तर इथे हाती काही लागत नाही.

डब्ल्यूडब्ल्यूव्ही कोलोरॅडोत आहे, म्हणजे कोल्हापूरपासून सुमारे १३,६०० किलोमीटरवर. त्याचं हवाईतलं भावंड डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच १२,७०० किलोमीटरवर. १०० हर्ट्‌झच्या उपवाहकावर (मुख्य लहरीवर चढवलेल्या जोड-सुरावर) ते तारीख-वेळेचा कोड पाठवतात आणि घड्याळ जुळवणाऱ्या एनटीपी प्रोग्रॅमचा ३६ क्रमांकाचा ड्रायव्हर तो वाचतो. इथे तो कोड पूर्ण वाचता येईल इतका स्वच्छ क्वचितच मिळतो. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं एटीए केंद्र आता बंद आहे. मॉस्कोचं आरडब्ल्यूएम ४.९९६, ९.९९६ आणि १४.९९६ मेगाहर्ट्‌झवर येतं, पण तो नुसता वाहक (आवाज न चढवलेली रेडिओ लहर) असल्याने एसएसबी या मोडवर ऐकावा लागतो आणि ट्यूनिंग सरकलं की सूर बदलतो. भरवशाचं उरतं ते चीनच्या शान्शी प्रांतातलं बीपीएम : २.५, ५, १० आणि १५ मेगाहर्ट्‌झ, अंतर साधारण ४,००० किलोमीटर. ५ आणि १० मेगाहर्ट्‌झ दिवसरात्र चालू असतात. १५ आपल्या वेळेप्रमाणे सकाळी साडेसहा ते दुपारी अडीच आणि २.५ दुपारी एक ते सकाळी साडेसहा.

बीपीएमवर तारखेचा कोड नाही. फक्त सेकंदाचा ठोका मिळतो : १ किलोहर्ट्‌झचा, १० मिलिसेकंदांचा. मिनिटाचा ठोका ३०० मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे कितवा सेकंद चालू आहे हे संगणकाला अर्ध्या सेकंदाच्या आत आधीच ठाऊक हवं. मदरबोर्डवरचं घड्याळ १० पीपीएमने (दहा लाखांत १०) चुकत असेल तर दिवसाला ०.८६ सेकंद सरकतं. त्यामुळे यंत्र दिवसभर बंद राहिलं असेल तर सुरू करताना मिनिटाच्या लांब ठोक्यावर वेळ हाताने लावूनच पुढे जायचं.

बीपीएमचं वेळापत्रक दर अर्ध्या तासाला तेच असतं : १० मिनिटं ठोके, ५ मिनिटं नुसता वाहक, पुन्हा १० मिनिटं ठोके, मग ४ मिनिटं यूटी१चे (पृथ्वीच्या फिरण्यावरून मोजलेल्या वेळेचे) ठोके आणि १ मिनिट केंद्राची ओळख. भारतीय वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे असली तरी अर्ध्या तासाच्या या आवर्तनामुळे भिंतीवरच्या घड्याळातले मिनिटच वापरता येतात. २५ ते ३० आणि ५५ ते ६० ही मिनिटं प्रोग्रॅममध्ये सरळ वगळायची. यूटी१ आणि यूटीसी यांच्यात ०.९ सेकंदापर्यंत फरक असू शकतो आणि ते ठोके १०० मिलिसेकंदांचे असल्याने शोधणाऱ्या प्रोग्रॅमला जास्त ठळक दिसतात. ही मिनिटं आत घेतली की घड्याळ दर अर्ध्या तासाला हिसके खातं.

आता खरी मेख. बीपीएम आपले यूटीसीचे ठोके मुद्दाम २० मिलिसेकंद आधी सोडतं. ४,००० किलोमीटरला प्रकाशाच्या वेगाने सुमारे १३.३ मिलिसेकंद लागतात. आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या थरावरून उसळी घेत येताना वाट लांबते, म्हणून १४ धरायचे. म्हणजे कोल्हापूरच्या अँटेनावर ठोका खऱ्या सेकंदाच्या ६ मिलिसेकंद आधी येऊन पोचतो! फक्त प्रवासाचा उशीर वजा करून थांबलं तर घड्याळ कायमचं २० मिलिसेकंद पुढे राहतं, आणि आकडे इतके स्थिर दिसतात की शंकाही येत नाही.

रेडिओ लाइन-आउट असलेला, साध्या अ‍ॅनालॉग आयएफचा, म्हणजे सिग्नलवर डिजिटल प्रक्रिया न करणारा घ्यावा. डीएसपी, म्हणजे डिजिटल प्रक्रिया करणारा रेडिओ स्वतःचे काही मिलिसेकंद वाढवतो आणि बँडविड्थ बदलली की तो उशीरही बदलतो. मोड एएम, बँडविड्थ रुंद, एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय) जलद. सिंक डिटेक्टर (वाहकाला पकडून आवाज काढणारा भाग) असला तरी रात्री बंद ठेवावा : सिग्नल खोल बुडाला की पकड सुटते आणि शिट्टी नेमकी १ किलोहर्ट्‌झच्या आसपास येऊन बसते. गच्चीवर १२ मीटर तार, खाली फेराइट रिंगवर ३ आणि ९ वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर आणि तिथून साधी आरजी-६ केबल. केबलच्या जाळीला गच्चीजवळ वेगळं अर्थिंग द्यावं. रेडिओ आणि साउंड कार्ड यांच्यामध्ये ६००:६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाकल्यावर संगणकाची घरघर गेली. संपूर्ण जुळणीत कमी पैशात सर्वांत जास्त फरक याच भागाने पडला.

साउंड कार्ड सेकंदाला ४८,००० सॅम्पलवर (आवाजाच्या नमुन्यांवर) चालवलं की एक ठोका ४८० सॅम्पलचा होतो. लिनक्सचे पल्सऑडिओ किंवा पाइपवायर हे आवाजाचे प्रोग्रॅम वाटेत आणू नयेत, त्यांचा बफर उशीर बदलत राहतो. थेट अल्सा (लिनक्सची मूळ साउंड यंत्रणा) वापरावं, २५६ फ्रेमच्या पिरियडने, माइक बूस्ट आणि ऑटो गेन बंद ठेवून. एकटा ठोका खरखरीत बुडतो, म्हणून ६० सेकंद एकावर एक बेरीज करून शिखर शोधायचं. इथे कार्डाचा क्रिस्टल आडवा येतो : तो ५० पीपीएम चुकत असेल तर सेकंदाला २.४ सॅम्पल, म्हणजे मिनिटाला १४४ सॅम्पल सरकतात. तीन मिलिसेकंदांचा हा फराटा शिखर पुसून टाकतो. म्हणून कार्डाचा खरा सॅम्पल दर आधी मोजून घ्यायचा आणि बेरीज त्या दराने करायची. १० मेगाहर्ट्‌झवर मुख्य शिखरानंतर साधारण ५० मिलिसेकंदांनी छोटं शिखर दिसलं तर ते अमेरिकेचं. शोधाची खिडकी मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना १० मिलिसेकंद ठेवली की ते आपोआप बाद होतं.

मिनिटाचं एक माप क्रोनी या घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला शेअर्ड मेमरीतून द्यायचं. या मेमरीची मूळ परवानगी ०६०० असते. प्रोग्रॅम वेगळ्या यूजरखाली चालत असेल तर रीच (मापं पोचल्याची क्रोनीची नोंद) शून्यावरच अडकतो. सगळं नीट चालू असतानाही रीच ३७७ या पूर्ण आकड्यावर टिकत नाही, कारण मधली पाच-पाच मिनिटं रिकामी जातात. रेडिओ आणि कार्ड यांचा एकत्र उशीर काढायला पहिले दोन दिवस इंटरनेटचे सर्व्हर चालू ठेवून हा स्रोत नोसिलेक्टवर (नुसता मोजायचा, त्यावर घड्याळ जुळवायचं नाही) ठेवावा आणि सरासरी फरक ऑफसेटमध्ये लिहावा. माझ्या संचात तो ८ मिलिसेकंदांच्या आसपास निघाला. आकडा लिहिल्यावर फरक शून्याकडे न जाता दुप्पट झाला तर चिन्ह उलटं करायचं.

कोल्हापुरात सकाळी १० किंवा १५ मेगाहर्ट्‌झ, दुपारी अडीचपर्यंत १५, संध्याकाळी १० आणि रात्री ५ असा क्रम बसला. दुपारी ५ मेगाहर्ट्‌झ आयनोस्फिअरच्या खालच्या डी थरात शोषला जातो, त्याच्या नादी लागू नये. उद्यमनगर या कारखान्यांच्या भागाच्या बाजूला मोटारींच्या ड्राइव्हचा गोंगाट कामाच्या वेळेत १० मेगाहर्ट्‌झ झाकून टाकतो आणि सुट्टीच्या दिवशी तोच बँड मोकळा असतो. घरातला स्वस्त एलईडी दिवा आणि लाइट गेल्यावर सुरू होणारा इन्व्हर्टर हेही तेवढेच त्रासदायक. रेडिओ बॅटरीवर चालवला तर निम्मी खरखर कमी होते. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग भरून आले की केबल काढून घराबाहेर ठेवावी. तेवढा वेळ क्रोनी ड्रिफ्टच्या (घड्याळ किती वेगाने सरकतं त्याच्या) नोंदीवर घड्याळ सांभाळून नेतं आणि दोन-तीन तासांनी परतल्यावर फरक थोडाच दिसतो.

ज्यांना खिडकीतून मोकळं आकाश दिसतं त्यांनी पीपीएस (दर सेकंदाला एक विद्युत ठोका) असलेलं जीपीएस मॉड्यूल घ्यावं. ते मायक्रोसेकंदांत वेळ देतं आणि खर्चही कमी येतो. उपग्रह आणि इंटरनेट दोन्हींपासून वेगळा, स्वतः तपासता येईल असा तिसरा स्रोत ज्यांना हवा, त्यांनी मात्र ही जुळणी जरूर करावी. सुरुवात १० मेगाहर्ट्‌झवर संध्याकाळी सातनंतर, त्या वेळी ठोके कानालाही स्पष्ट ऐकू येतात.